जबाबदार व्यक्तीची सही

२६ फेब्रुवारी, सोमवार

फ्रिज सुरू केला. सकाळी सातला ४.२ अंश, संध्याकाळी सातला ४.०. आत काही नाही. रिकामा फ्रिज दिवसातून दोनदा बघायचा, आकडा वहीत लिहायचा आणि दार लावायचं. दुकान उघडायच्या आधी तीन आठवड्यांच्या नोंदी लागतात — ट्रेनिंगहून आल्यावर ताईनेच सांगितलं होतं.

वहीतल्या तारखा ताईच्या हातच्या. सह्याही तिच्याच. मी फक्त आकडे भरते.

ताईला जाऊन आज सतरा दिवस झाले.

२७ फेब्रुवारी

४.१. ४.१.

२८ फेब्रुवारी, बुधवार

वहीचं नीट लिहून ठेवते. नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

दुकान दोघींचं, पण कल्पना ताईची. कोपऱ्यावरची जागा तिने शोधली, मालकाशी ती बोलली, नळवाल्याशी ती भांडली. सकाळी सहा ते रात्री अकरा — दूध, ब्रेड, अंडी, सँडविच, कॉफी, साबण, बॅटऱ्या. ‘मी पुढे उभी राहते, तू मागे बस,’ असं ठरलेलं. मला ते पसंत होतं. मी बावीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मागच्या खोलीत काढली. नमुने बोलत नाहीत. ‘म्हणून तर टिकलीस तिथे,’ ताई म्हणायची.

अन्न सुरक्षेचं ट्रेनिंग तिने घेतलं. सर्टिफिकेट तिच्या नावावर, म्हणून कागदोपत्री ‘जबाबदार व्यक्ती’ तीच. मग तिचं दुखणं निघालं. दवाखान्यात तिने नोंदवही मागवली. ‘मी इथे अडकले तर तुमचं तिकडे अडायला नको.’ एका पानावर एक आठवडा, चौदा ओळी. आधी तीन महिन्यांच्या तारखा घातल्या, मग सह्या करायला बसली. दोन दिवस ते चाललं होतं. हात दुखला की पेन माझ्याकडे द्यायची, वही द्यायची नाही. शेवटी वही मिटून म्हणाली, ‘झालं! तीन महिन्यांची बेगमी.’

मी म्हटलं, असं चालतं का?

‘घुमे, तू आकडे खरे लिही. सह्यांचं मी बघते.’

मला घुमी म्हणते. म्हणायची.

मी आकडे खरे लिहिते आहे. लॅबमध्ये आम्ही चालू पानाच्या पुढची सगळी पानं मोठ्या क्लिपने बांधून ठेवायचो, म्हणजे चुकीच्या तारखेवर कुणाचा हात पडत नाही. इथेही तशीच क्लिप लावली आहे. उजव्या कोपऱ्याला.

१ मार्च, शुक्रवार

भावोजींनी — ताईच्या नवऱ्याने — रॅक लावले. तीन सरळ, एक तिरका.

‘तिरक्यावर सोड्याच्या बाटल्या ठेवू. गिऱ्हाइकाला हात लांबवायला नको, बाटली आपणहून येईल.’

मी रॅककडे बघत राहिले. ते म्हणाले, ‘तुमची ताई असती तर मला एव्हाना झाडून काढलं असतं. तुम्ही नुसत्या बघता. त्यापेक्षा ते बरं होतं.’

नंतर मागच्या खोलीत जाऊन त्यांनी बराच वेळ ड्रिल चालवलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं. भिंतीला भोक एकही नाही.

३.९. ४.१.

४ मार्च, सोमवार

वहीचं दुसरं पान लागलं.

जागेच्या मालकांचा फोन. परवाना ३१ तारखेपर्यंत हातात नसेल तर जागा चष्मेवाल्याला. ‘तुमच्या ताईंकडे बघून थांबलो होतो. आता किती थांबायचं?’ मी ‘हो’ म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो प्रश्न होता.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘तोंडाला कुलूप आणि निघाली दुकान उघडायला! देऊन टाक त्या चष्मेवाल्याला.’

मग जेवताना म्हणाली, ‘देऊ नकोस.’

७ मार्च, गुरुवार

तपासणी झाली. नापास.

अन्न तपासणीच्या मॅडम सव्वादहाला आल्या. बारीक चण, केस आवळून बांधलेले, काखेत फाइल, हातात टॉर्च. दारात पाय पुसले आणि खाली बघून म्हणाल्या, ‘हे पायपुसणंच आधी धुवा.’ भावोजी हसले. त्या हसल्या नाहीत.

मागचं दार लावायला सांगितलं. पर्समधून पेन्सिल काढून दाराखालच्या फटीत सरकवली. पेन्सिल सरळ पलीकडे गल्लीत गेली.

‘पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो.’

‘अहो, पण उंदीर एवढा बारीक कसा होईल?’ भावोजी.

‘होतो. पोटासाठी होतो.’

पेन्सिल आणायला मी गेले. परत येईपर्यंत यादी बरीच वाढली होती. हात धुण्याच्या बेसिनमध्ये भावोजींचे रंगाचे ब्रश. फिनेलच्या बाटल्या बिस्किटांच्या खोक्यांना चिकटून. दिव्याला झाकण नाही — फुटला तर काचा ब्रेडमध्ये. कचऱ्याच्या डब्याचं झाकण हाताने उघडायचं, ते पायाने उघडणारं हवं. आणि रॅकवर, मालाच्या रांगेत, भावोजींचा चहाचा मग. मॅडमनी तो उचलून आत बघितलं.

‘हा विकायला आहे?’

‘कुणी घेत असेल तर,’ भावोजी म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. हिरव्या शाईने लिहितात.

थर्मामीटर तपासायला बर्फाचं पाणी मागितलं. ते मी आधीच करून ठेवलं होतं. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवं, शून्य दाखवलं. तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘हे कुठे शिकलात?’ मी म्हटलं, लॅबमध्ये. आणखी काही सांगावं की काय ते कळेना. नाही सांगितलं.

मग वही मागितली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

‘सातला सात. एकही दिवस चुकलेला नाही. आकडे खरे वाटतात.’

‘खरे आहेत.’

‘सही कुणाची?’

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ताईचं सर्टिफिकेट आहे, फोटोसकट. मॅडम जवळ गेल्या. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे.

‘या तुम्ही नाही.’

‘नाही.’

‘आज सकाळी सातला यांनी सही केली आहे. बोलवा त्यांना.’

भावोजी खोकले. मी म्हणाले, ‘ती नऊ फेब्रुवारीला वारली.’

मॅडमनी परत वही बघितली. सकाळची सही होतीच. संध्याकाळची सहीसुद्धा तयार होती — आकडा तेवढा यायचा होता.

‘बाई, अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माझी. खोटे आकडे ढिगाने बघितले. त्याखाली सह्या मात्र खऱ्या असतात. तुमचं सगळं उलटंच.’

मला वाटलं, सहीही खरीच आहे. पण ते बोलून उपयोग नव्हता.

‘जबाबदार व्यक्ती हयात लागते,’ मॅडम म्हणाल्या. ‘नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती.’

भावोजी मग सगळं सांगायला लागले. दवाखाना, पेन, दोन दिवस. मध्येच थांबून ते ब्रश उचलायला बेसिनकडे वळले आणि तिकडेच उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, ‘समजलं. पण खोटी नोंद ती खोटी नोंद. एवढ्यावर मी परवाना कायमचा नाकारू शकते.’ तसं लिहायला पेन उघडलंसुद्धा. किती पानांवर सह्या आहेत ते मोजायचं म्हणून वहीची क्लिप काढली.

पुढची पानं उलटू नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बावीस वर्षांची सवय.

एका पानावर त्या थांबल्या. बराच वेळ. फ्रिजची मोटर चालू होऊन बंद झाली, एवढा वेळ. मग तिथे काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि क्लिप लावून आपल्या फाइलमध्ये घातली.

‘ही माझ्याकडे राहील. उद्यापासून नवी वही. जो आकडा बघेल त्यानेच सही करायची. ट्रेनिंग घेतलेलं हयात माणूस उभं करा. बावीस तारखेला परत येते. तेव्हा शेवटचं.’

जाताना पायपुसण्याला वळसा घालून गेल्या.

संध्याकाळी ४.०. लिहायला वही नव्हती. हातावर लिहिलं.

८ मार्च

नवी वही. ४.१. सहीच्या रकान्यात सही केली. किती बावळट दिसते माझी सही!

९ मार्च, शनिवार

कोणाला उभं करायचं यावर घरी बैठक. हजर — आई, भावोजी, मी.

भावोजी म्हणाले, ‘माझं नाव द्या. मी होतो जबाबदार.’

आई म्हणाली, ‘तुम्ही? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता तुम्ही!’

तेव्हाही तो कपाळावरच होता. भावोजींनी हळूच खाली ओढला.

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला जमणार नाही. मी मागे बसणारी. जबाबदार व्यक्तीने पुढे उभं राहायचं असतं, लोकांना सांगायचं असतं, हे करा, ते करू नका. ते ताईचं काम. आणि तिचं नाव काढून त्या जागी स्वतःचं घालायचं — ते माझ्याच्याने होणार नाही.

एका दमात एवढं बोलले. आई भावोजींना म्हणाली, ‘बघा, येतं की बोलता.’

११ मार्च, सोमवार

फॉर्म भरला. आधी ताईचं नाव कमी करण्याचा. ‘नाव कमी करण्याचे कारण’ — नोकरी सोडली, बदली झाली, इतर. ‘इतर’वर खूण केली. ‘इतर असल्यास तपशील’ — दोन इंच जागा. पुरली.

मग दुसरा फॉर्म. त्यात माझं नाव. चष्मेवाला काल दुकानासमोर उभं राहून काचेची रुंदी पावलांनी मोजत होता म्हणून भरला. दुसरं काही कारण नाही.

१३ मार्च

भावोजींनी मागच्या दाराला खालून रबराची पट्टी ठोकली. पेन्सिल जात नाही. रिफिलही जात नाही. आता सुतळी घालून बघताहेत.

१६ मार्च, शनिवार

ट्रेनिंग. दिवसभर, शेवटी परीक्षा. चाळीस प्रश्नांतले एकोणचाळीस बरोबर. चुकला तो असा — ‘सहकाऱ्याला उलट्या होत असतील तर तुम्ही काय कराल?’ मी लिहिलं, त्याचं काम मी करेन. उत्तर होतं, त्याला घरी जायला सांगेन.

शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर हात धुऊन दाखवायला माझंच नाव काढलं. वीस सेकंद. एकवीस लोक बघत होते. सर म्हणाले, ‘नुसते धुऊ नका, काय करताय ते बोला.’ पाणी घेते, साबण घेते, बोटांच्या मध्ये चोळते — असं मोठ्याने सांगत हात धुतले. लहान मुलाला आंघोळ घालतात तसं वाटलं.

नंतर सरांनी फॉर्मवरचा दुकानाचा पत्ता वाचला. ‘या दुकानाच्या एक बाई आल्या होत्या डिसेंबरात. काय प्रश्न विचारायच्या! मला पाणी प्यायला वेळ मिळाला नाही. वर्ग हसून हसून लोळला होता. कशा आहेत त्या?’

मी म्हटलं, ‘माझी बहीण.’

ते म्हणाले, ‘वाटत नाही.’

कशा आहेत ते सांगायचं राहूनच गेलं.

१८ मार्च, सोमवार

ताईने ठरवलेल्या तारखेप्रमाणे दुकान आज उघडायचं होतं. ४.०. ४.०.

२० मार्च

सर्टिफिकेट आलं. फोटोत मी घाबरलेली दिसते. भावोजी म्हणाले, ‘चोर पकडल्यावर काढतात तसा आलाय.’ ताईचं उतरवून मागच्या खोलीत, माझ्या खुर्चीसमोर लावलं. पुढच्या खिळ्यावर माझं.

म्हणजे आता ती मागे आणि मी पुढे. हे मुद्दाम केलेलं नाही, खिळे तेवढेच होते.

२२ मार्च, शुक्रवार

मॅडम आल्या. पायपुसणं नवं होतं. त्यावर पाय पुसले, काही बोलल्या नाहीत.

पेन्सिल अडली. बेसिन स्वच्छ, साबण, पुसायला कागद. दिव्याला झाकण. फिनेल वेगळ्या कपाटात, कुलपात. मग रॅककडे वळल्या. भावोजी पुढे झाले — ‘मॅडम, तो चहाचा मग मी घरी नेला.’

‘तुम्ही थांबा. मी यांना विचारते.’

यांना म्हणजे मला. त्यानंतर प्रत्येक प्रश्न मला. भावोजींनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी पेन वर करून त्यांना थांबवलं. अंडी कुठे ठेवणार? सँडविचच्या खाली. का? फुटलं तर वरून गळायला नको. नवा माल पुढे की मागे? मागे. सकाळी फ्रिज नऊ अंशांवर सापडला तर?

‘दुधाची विक्री बंद. शेवटची बरोबर नोंद कधीची ते बघणार. रात्रभर गेला असेल तर सगळं टाकणार.’

‘सगळं? वास तर चांगला येतोय.’

‘वासाचं काय!’ मी म्हणाले. जरा जोरात.

मॅडमनी फाइल मिटली. काउंटरच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पर्स काउंटरवर आपटली.

‘मी गिऱ्हाईक. मला ते सँडविच द्या.’

तिथे सँडविच नव्हतं. रिकामा ट्रे होता. मी म्हटलं, ‘कुठलं?’

‘ते. कालची तारीख आहे. चालतं मला. द्या.’

‘नाही.’

‘का?’

‘नाही म्हणजे नाही.’

‘हे काय उत्तर झालं? मी शेजारच्या इमारतीत राहते. रोज येणार आहे तुमच्याकडे. भूक लागली आहे मला. घड्याळात बघा, एवढ्या सकाळी दुसरं काही उघडं आहे का?’

मी भावोजींकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मागच्या खोलीकडे बघितलं. मॅडमनी काउंटरवर बोटं वाजवली. ‘अहो, पोट माझं आहे! तुमचं काय जातं?’

‘पोट तुमचं असेल, दुकान माझं आहे,’ मी म्हणाले. ‘तारीख गेलेलं इथून जाणार नाही. तुम्हाला ताजं करून देते, पाच मिनिटं लागतील, तोवर कॉफी घ्या. आणि थांबायचं नसेल तर उपाशी जा, पण हे मिळणार नाही. काल संपलेलं मी आज विकत नाही.’

तिरक्या रॅकवरून एक बाटली हळूच घरंगळली. ती भावोजींनी झेलली.

मॅडमनी फाइल उघडून हिरव्या शाईत लिहिलं. ‘पास. रॅक सरळ करा.’

दाराशी गेल्यावर वळल्या. ‘जुनी वही पोस्टाने येईल. जपून ठेवा.’

मला ‘दुकान आमचं आहे’ म्हणायचं होतं. ‘माझं’ निघून गेलं. दिवसभर तेच डोक्यात आहे. ताईने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती — राग आला असता का?

२५ मार्च

परवाना आला. मालकांना कळवलं. ते म्हणाले, ‘तुमच्या ताईंनी जमवलंच म्हणजे.’ मी ‘हो’ म्हटलं.

२८ मार्च, गुरुवार

उघडलं. सहाला पाच कमी असताना पहिलं गिऱ्हाईक — एक रिक्षावाला. दूध आणि बॅटऱ्या. ‘नवीन का?’ म्हणाला. मी म्हटलं, हो. म्हणाला, ‘मालकीणबाई फार बोलत नाहीत वाटतं.’ मी म्हटलं, सवय होईल. कुणाला ते सांगितलं नाही.

आई दुपारी येऊन खुर्चीवर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, ‘हात धुऊन घेते हं ती, वीस सेकंद.’

४.२. ४.३ — दार सारखं उघडतं म्हणून. ठीक आहे. सही केली.

संध्याकाळी भावोजी म्हणाले, ‘सगळं झालं. फक्त ती...’ मी ‘हं’ म्हटलं. मलाही दिवसभर तेच वाटत होतं. कुणी उठून गेलेल्या जागेवर आपण हळूच बसावं, तसं.

२९ मार्च, शुक्रवार

वही आली. सरकारी पाकीट, पोचपावतीवर सही. क्लिप डाव्या कोपऱ्याला लावलेली होती. मी उजव्या कोपऱ्याला लावते. काढली.

तिसऱ्या पानापर्यंत ताईच्या सह्या. १७ मार्चच्या संध्याकाळपर्यंत. तोवर आपण असू, असं तिने धरलं होतं. अंदाज पाच आठवड्यांनी चुकला.

चौथं पान, १८ मार्चपासून. तारखा तिच्या हातच्या, सह्यांचा रकाना कोरा. वर ‘जबाबदार व्यक्ती’पुढे माझं नाव. पूर्ण, ठळक, दोनदा गिरवलेलं. पाचव्या पानावर तेच. बाराव्यापर्यंत तेच.

चौथ्या पानावर शेऱ्याच्या जागी एक ओळ — ‘इथून पुढे सगळं घुमीला विचारा.’

तिच्याखाली हिरव्या शाईत — ‘पाहिले. ७ मार्च.’